रोजच्या गोळीचे काय?

बाघ नदीच्या अलीकडे बालाघाट जिल्ह्यातील राजेगाव, पलीकडे गोंदिया. आम्हा सीमेवरच्या मराठी मंडळींची सोयरीक दोन्ही तीरांवर. २०१८ साली आलेल्या आयुष्मान योजनेने गरीब कुटुंबास वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंत आधार दिला खरा. पण तो रुग्णालयात दाखल झालेल्यांस. म्हणजे पक्षाघात झाल्यावर योजना धावून येते. तो टाळणारी रक्तदाबाची रोजची गोळी मात्र तीत बसत नाही! ती सरकारी आरोग्यकेंद्रातून विनामूल्य घ्यावयाची. तिशी उलटलेल्यांची रक्तदाब-मधुमेहाची तपासणीही तेथेच होते. गोळी का चुकली, हे आपुलकीने विचारणारी परिचारिका लाभली तर आमच्या मते अर्धा उपचार तोच. बरे वाटताच गोळी सोडणारे घरोघरी आहेत. लग्नकार्यास पलीकडे जाताना पुरेशा गोळ्या आणि उपचाराचा कागद पिशवीत असू द्यावा.