गाणे कुणाचे, नाव कुणाचे?

चौदा एप्रिलला केज, माजलगावकडे गायन पार्टी आली की गायक दोन गाणी स्वतःची म्हणतो आणि चार दुसऱ्या कवीची. त्यात कमीपणा नाही. अमेरिकेचा कवी-गायक बॉब डिलन याच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये १३ पैकी दोनच गाणी त्याची स्वतःची होती. त्यालाच २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल मिळाले. पुढे त्याचे एक गाणे जिमी हेंड्रिक्सने १९६८ मध्ये रॉकच्या ढंगात गाऊन गाजवले. पण गीतकार म्हणून नाव डिलनचेच राहिले.

आपल्याकडे नेमके हेच राहून जाते. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) स्वतः लिहीत आणि स्वतः गात. त्यांच्या अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव येते. वेळ नाही म्हणून गायक ते कडवे गाळतो आणि कवीच पुसला जातो!

कायद्याने कवीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवर २०६४ अखेरपर्यंत. दुसऱ्याचे गाणे पुन्हा रेकॉर्ड करायचे तर हक्कदाराची परवानगी किंवा कायद्याप्रमाणे आगाऊ सूचना व मानधन हवे.

मुंबईच्या 'धम्म विंग्ज' बँडसारखी आपली मुले आता रॉक वाजवतात. बीडच्या मुलांनीही खुशाल गिटार हाती घ्यावी, जुनी गाणी नव्या ढंगात गावीत. मात्र गाण्याआधी कवीचे नाव माईकवर सांगावे आणि शेवटचे कडवे गाळू नये. ते नाव हीच त्या कवीची कमाई आहे. आयाबायांनो, घरी गाणे लागले की लेकरांना एवढेच विचारा, "हे लिहिले कुणी?"