गुहेत शिरण्याआधी

दोस्तांनो, अमेरिकेत उत्तर फ्लोरिडात जमिनीखाली पाण्यानं भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. पोहून आत जावंसं वाटतं ना? मग स्कूबाचं पहिलंवहिलं सामान घेतानाच पुढचा विचार करायला हवा!

समुद्रात अडचण आली, तर पाणबुड्या सावकाश वर येतो. गुहेत मात्र डोक्यावर दगडी छत! आल्या वाटेनंच परतायचं. म्हणून हवेचे तीन भाग करतात : एक जायला, एक यायला आणि एक राखीव.

आता सामान पाहू. पायातल्या फिन्स ताठ, रुंद पात्याच्या घ्या. मधोमध चिरलेल्या नकोत. ताठ फिन्सनी बेडकासारखे पाय मारता येतात, तळाचा गाळ उसळत नाही. गाळ उसळला, की वाटच दिसेनाशी होते! श्वास घ्यायचा रेग्युलेटर टाकीत पिळून बसणारा हवा. छताला धडकला तरी सहसा निखळत नाही. पाठीवर धातूची पट्टी असली, तर पुढे तिच्यावर एकाऐवजी दोन टाक्या चढवता येतात.

आईबाबांनो, मुलं वाढत्या वयाची आहेत, तोवर सामान भाड्यानंच घ्या.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. तिथल्या अनेक गुहांच्या तोंडाशी मृत्यूचं चित्र असलेली पाटी आहे. अशा गुहांमध्ये स्कूबा शिकवणारेसुद्धा मेले आहेत, असं ती बजावते. त्यांच्याकडे सामान होतं. नव्हतं ते गुहेचं वेगळं शिक्षण. ते मोठेपणी, रीतसर घ्यायचं. त्याआधी पाटीपासून मागे फिरायचं. कबूल?