क्रँक घरीच बसवायचा? आधी हत्यार ओळखा

पायडल मारताना दर फेरीला 'कट्' असा आवाज येऊ लागला, की बहुधा क्रँक सैल झालेला असतो. क्रँक म्हणजे पायडल ज्या दांडीच्या टोकाला बसते ती दांडी. आवाज ऐकून यजमान माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढतात. त्यात हातोडी असते, पक्कड असते, पंख्याचे उरलेले दोन स्क्रू असतात. नेमके हवे ते हत्यार मात्र नसते. मग हाती लागेल त्यानेच काम उरकले जाते आणि चांगला क्रँक घरातच बाद होतो.

हत्यार आणण्याआधी सायकलजवळ बसून क्रँक मधल्या एक्सलला कसा जोडला आहे, ते पाहावे. दूधवाल्यांच्या काळ्या, दणकट सायकलींत तिथे पेन्सिलीपेक्षा थोडी जाड पिन आडवी ठोकलेली दिसते. तिची एक बाजू चपटी, टोकाला नट. हीच कॉटर. गिअरच्या बऱ्याच सायकलींत कॉटर नसते. एक्सलचे टोक चौकोनी आणि निमुळते असते. क्रँकवरचे प्लास्टिकचे झाकण काढले की आत बोल्ट दिसतो. दोन्हींची हत्यारे वेगळी.

कॉटरसाठी नटाच्या मापाचा पाना, हातोडी आणि लोखंडी नळीचा एक तुकडा हवा. नळीची आठवण सहसा कुणाला होत नाही, पण खरे काम तीच करते. टेकू न देता घाव घातला तर त्याचा दणका एक्सलमधून आतल्या छऱ्यांना बसतो. म्हणून नळी जमिनीवर उभी करून क्रँक तिच्यावर टेकवावा. कॉटरचे खालचे टोक नळीच्या पोकळीत जावे. जुनी कॉटर काढताना नट पूर्ण काढू नये, टोकाच्या पातळीला आणून ठेवावा; म्हणजे आटे चेपत नाहीत. नवी आणायला जाताना जुनी खिशात असू द्यावी. जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरकही चालत नाही.

बसवताना चपटी बाजू एक्सलच्या खाचेला भिडवून कॉटर आधी ठोकावी, मग नट आवळावा. नटानेच ती ओढून घेण्याची घाई केली तर आटे सुटतात. आणखी एक खूण: डावा क्रँक पुढे आणल्यावर त्याचा नट खाली येत असेल, तर उजवा पुढे आणल्यावर त्याचाही खालीच यायला हवा. एक कॉटर उलटी बसली की दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत. चालवणारा मग लंगडत पायडल मारतो आणि दोष गुडघ्यांना देतो!

चौकोनी एक्सलच्या क्रँकला क्रँक पुलर लागतो, असे दुकानदार सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. पुलर लागतो तो क्रँक काढायला. बसवायला बोल्टच्या मापाचा पाना पुरतो. बहुधा १४ मिलिमीटरचा बॉक्स पाना किंवा ८ मिलिमीटरची ॲलन की. मात्र तिचा दांडा लांब हवा. बोल्टला साधारण ४० न्यूटन-मीटर जोर द्यावा लागतो, म्हणजे २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १६ किलो वजन टांगल्याइतका. बोटभर लांबीच्या ॲलन कीने तो येत नाही. वरून घट्ट वाटलेला क्रँक आठवड्याभरात हलू लागतो. क्रँक बहुधा ॲल्युमिनियमचा आणि एक्सल पोलादी, त्यामुळे पोलादाचे कोपरे क्रँकचे चौकोनी भोक गोल करून टाकतात. त्यानंतर कितीही आवळा, उपयोग नाही. अशा सायकलवर शाळकरी मूल चढावर उभे राहून पायडल मारते, तेव्हा क्रँक निसटला तर ते थेट रस्त्यावर आपटते.

काढताना बोल्टबरोबर त्याखालचा वॉशरही निघाला आहे ना, हे पाहावे. पुलर आधी हातानेच पूर्ण आत फिरवावा, त्यानंतरच मधला स्क्रू आवळावा. दोनच आटे धरून जोर लावला तर क्रँकचे आटे उखडतात. हे हत्यार वर्षातून एखाद्या वेळी लागते, तेव्हा सोसायटीतल्या चार घरांत मिळून एक पुरे. त्यासाठी वीस हत्यारांची पेटी घेण्यात अर्थ नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते विसरू नये. नवा क्रँक चार-पाच दिवस चालवून झाला की बोल्ट किंवा नट पुन्हा तपासावा. क्रँक घट्ट असूनही एक्सलच डुगडुगत असेल, तर आतल्या कटोऱ्या आणि छरे पाहावे लागतील. चेनच्या बाजूच्या कटोरीचे आटे बहुतेक सायकलींत उलटे असतात आणि ती काढायला खास पाना लागतो. तेवढ्या कामासाठी सायकल दुकानात न्यावी. मुलीला एक दिवस बसने जावे लागले तरी चालेल.