कपात न म्हणता केलेली कपात

डहाणू-तलासरीतला आपला तरुण सरकारी नोकरीच्या मागे लागतो तो पगारासाठी कमी आणि खात्रीसाठी जास्त. मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे एका मेलवर माणूस घरी बसतो, पण निदान त्याला कपात म्हणतात. सरकारी कार्यालयांत हा शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे अकरा महिन्यांचा करार संपतो आणि पुन्हा होत नाही, इतकेच.

हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. इथली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक यांसारख्या 17 संवर्गांतील पदे पेसाखाली स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखीव आहेत. 'मग आपल्याला काय उरले?' असा सूर आपल्या मुलांमध्ये ऐकू येतो. तो सूर मला मान्य नाही. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, भरती अडकली, आणि 2024 मध्ये शासनाने निवड झालेल्या उमेदवारांना तात्पुरते मानधनावर नेमण्याचा मार्ग काढला. म्हणजे ज्याला जागा मिळाली, त्यालाही खात्री मिळाली नाही. आपला वाटा आदिवासी भावाने नेलेला नाही. कायम नोकरीच आटत चालली आहे.

सच्चर समितीने 2006 मध्ये सरकारी सेवेतील आपला तोकडा वाटा देशासमोर मांडला. वाटा मागायलाच हवा. पण पदच कंत्राटी असेल तर वाट्याला येणार काय? ठेकेदाराच्या यादीला ना जाहिरात, ना गुणवत्ता यादी, ना आरक्षण. तिथे ओळख चालते, आणि ती आपल्याकडे नाही.

दाद मागितली तर मिळते. 6 सप्टेंबर 2023 च्या शासन निर्णयाने नऊ खासगी एजन्सींमार्फत सरकारी मनुष्यबळ घेण्याचे ठरले होते. राज्यभरातले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्येच तो निर्णय रद्द झाला. 20 डिसेंबर 2024 ला 'जग्गो' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे कायम स्वरूपाचे काम करूनही काढून टाकलेल्या कर्मचाऱ्यांना सेवेत नियमित करण्याचा आदेश दिला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू होते, हे 2016 च्या 'जगजीत सिंग' निकालात आलेच आहे.

म्हणून कंत्राटी नोकरीत असाल तर नेमणुकीचा आदेश, हजेरी, पगाराची नोंद, पीएफचे पासबुक यांची प्रत पहिल्या दिवसापासून जपा. न्यायालयात हेच कागद बोलतात. उद्या वाढवण बंदरात नोकऱ्या निघतील तेव्हा किती, एवढेच विचारू नका. कोणाच्या हजेरीपटावर आणि किती वर्षांसाठी, हेही विचारा.

केलेला करार पाळा, मजुराचा हक्क बुडवू नका, ही आपल्या दीनची शिकवण आहे. ती फक्त दुकानदाराला लागू होते आणि सरकारला होत नाही, असे थोडेच आहे? हा प्रश्न आपण आदिवासी, कोळी, सगळ्या कष्टकऱ्यांसोबत उभे राहून विचारला, तरच त्याला वजन येईल.