संगणक अडखळूं लागला म्हणजे

मेजावरील संगणक एखादे दिवशीं मुळींच उघडत नाहीं, दुसरे दिवशीं कांहीं न करितां सुरळीत चालूं लागतो; आणि ‘झाला आपोआप बरा’ असें म्हणून घरचीं माणसें निश्चिंत होतात. ही निश्चिंतता घातक आहे. अडखळणारें यंत्र आपणांस थोडी सवड देत असतें, आणि तिचा पहिला उपयोग दुरुस्तीसाठीं करूं नये. मुलांचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज, वडिलांनीं वर्षानुवर्षें जमविलेली कुलवृत्तान्ताची माहिती, ह्या सर्वांची नक्कल संगणक ज्या दिवशीं उघडेल त्याच दिवशीं निराळ्या डिस्कवर उतरून घ्यावी. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र पुनःपुन्हां चालू न करितां जाणत्याच्या स्वाधीन करावें.

ह्यानंतर यंत्र कोणत्या पायरीवर अडतें तें पाहावें. बटण दाबूनहि पंखा फिरत नसेल, तर प्रथम दुसऱ्या प्लगची परीक्षा करावी. तेथेंहि तसेंच झाल्यास संशय वीजपुरवठ्याच्या पेटीचा. घरांतील २३० व्होल्ट दाबाच्या विजेपासून ही पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टांचे दाब सिद्ध करिते. तिच्यांतील कपॅसिटर जुने झाले म्हणजे थंडपणीं दुबळे पडतात. म्हणूनच कित्येक यंत्रें दोन-चार प्रयत्नांनंतर जागीं होतात. ही पेटी घरीं कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांत धोकादायक विद्युत्संचय राहूं शकतो. ती बदलून घेणेंच श्रेयस्कर.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो व आंतून ‘बीप’ असे आवाज येतात, तर ते मोजून टिपून ठेवावेत. चालू होतांच यंत्र आपली स्वतःची तपासणी करितें व दोष आढळल्यास ह्या संकेतांनीं कळवितें. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. पुष्कळदां रॅमची पट्टी सैल झालेली असते, किंवा धूळ व पावसाळी दमटपणा ह्यांमुळें तिचीं टोकें मळलेलीं असतात. प्लग काढून, संगणकाच्या धातूच्या सांगाड्यास हात लावून अंगांतील स्थिर विद्युत् घालवावी, व पट्टी काढून पुन्हां घट्ट बसवावी.

संगणक उघडतो, पण तारीख कित्येक वर्षें मागें गेलेली दिसते व जुळवून ठेविलेल्या गोष्टी विसरल्या जातात, अशा वेळीं मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची ३ व्होल्टांची बॅटरी संपली असें समजावें. बहुधा ती सी.आर. २०३२ ह्या जातीची असते. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. ही अल्प खर्चांत मिळते.

पेटी, पट्टी, बॅटरी ह्या सर्व वस्तु बाजारांत पुन्हां मिळतात. म्हणून एक शेवटची सूचना: उतरून घेतलेली नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्यावांचून ती झाली असें मानूं नये.