कमरेच्या पिस्तुलाला लोण्यासारखा ट्रिगर कशाला?

यंदा कोजागिरीला आमच्या घरी दूध आटत होतं आणि मागच्या अंगणात पुरुषमंडळींचा विषय एकच: कोणी पिस्तुलाला कोणता ट्रिगर बसवला. तेवढ्यात दहा-बारा वर्षांचा एक मुलगा अभिमानानं म्हणाला, "काकू, आमच्या बाबांचा ट्रिगर आता एकदम लोण्यासारखा झालाय. साडेतीन पाउंड!" सगळे कौतुकानं हसले. मला मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी पिस्तुलाच्या विरोधात नाही. रात्री फार्मसी बंद करून एकटी गाडीपर्यंत चालत जाते, तेव्हा माझ्याही कमरेला असतं. इथे टेक्सासमध्ये 2021पासून बहुतेकांना परवान्याशिवायही बाळगता येतं, आणि पिस्तूल बाळगण्याच्या हक्कावरच्या 2022च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीनंही परवाना काढला. भारतात माहेरी आजोबांची परवान्याची बारा बोअर बंदूक होती. निवडणूक आली की ती मुकाट्यानं पोलीस ठाण्यात जमा व्हायची. तिचा चाप किती हलका, याची चर्चा त्या घरात कधी ऐकली नाही. इथे आपण पिस्तूल घेतो आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचे सुटे भाग शोधायला लागतो.

आमच्या घरातलंच सांगते. नवरा शनिवारी स्पर्धेत नेमबाजी करतो. त्याच्या पिस्तुलाचा ट्रिगर 3 पाउंडांवर आहे, आणि तिथे तो योग्यच आहे. समोर कागदी निशाण, पाठीशी रेंज ऑफिसर, आणि हुकूम होईपर्यंत पिस्तूल रिकामं. माझं ग्लॉक कंपनीतून आलं तसंच आहे, सुमारे 5.5 पाउंड, म्हणजे जवळजवळ अडीच किलोची ओढ. ते दिवसभर भरलेलं, अंगाला लागून, कपड्यांखाली असतं. ही दोन कामं वेगळी आहेत, आणि एकाचा चाप दुसऱ्याला लावायला निघणं हा हट्ट आहे.

आता झब्ब्याचंच बघा. दिवाळीला झब्बा घालून, कमरेला आतून होल्स्टर लावून येणारे आपल्यात आहेत. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये सरकवताना झब्ब्याची किनार किंवा जॅकेटची दोरी ट्रिगर गार्डमध्ये शिरली, तर वरून हात दाबतो आणि खाली कापड चाप ओढतं. बोट कुठेच नसतं. ग्लॉकच्या चापावरची सेफ्टीची छोटी जिभळीही अशा वेळी दाबली जाते. मग मध्ये उरतं काय? फक्त वजन आणि चापाचा प्रवास. अडकल्याचं हाताला जाणवून थांबायला जो निमिष मिळतो, तो त्या जास्तीच्या दोन-अडीच पाउंडांतून मिळतो. साडेतीनवर आणलेल्या आणि प्रवासही कापलेल्या ट्रिगरनं आपण तो निमिषच विकून टाकतो. भीतीनं हात थरथरत असतानाही हेच होतं. रेंजवर बोटाला 'भिंत', म्हणजे गोळी सुटण्याआधी चाप अडतो ती जागा, स्पष्ट लागते. जिवावर बेतल्यावर बोटं बधिर होतात.

वजन वाढवत नेलं की झालं, असंही मी म्हणत नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी वर्षानुवर्षं 12 पाउंडांचा ट्रिगर वापरला. 2012 साली एम्पायर स्टेट बिल्डिंगपाशी पोलिसांच्या गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी नऊ वाटसरू जखमी झाले, तेव्हा नेम बिघडवतो म्हणून त्या जड ट्रिगरवर बरीच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

म्हणून बदलायचाच असेल तर वजनासाठी बदलू नका, आकारासाठी बदला. बोट लहान असेल, चापाच्या टोकापर्यंत नीट पोचत नसेल, तर सपाट, थोडा मागे बसणारा शू, म्हणजे चापाचा बोट टेकणारा भाग, खरंच मदत करतो. भिंत स्वच्छ हवी, रिसेटची, म्हणजे चाप पुढच्या गोळीसाठी परत बसल्याची, टिक बोटाला लागायला हवी. फायरिंग पिनची सेफ्टी आणि चापावरची जिभळी, दोन्ही जशीच्या तशी राहिली पाहिजेत. स्प्रिंगांना हात लावू नका. स्ट्रायकरची स्प्रिंग मऊ केली की ओढ हलकी लागते, पण प्रायमरवरचा घावही कमजोर पडतो, आणि कठीण प्रायमरची गोळी नेमक्या वेळी उडेलच असं नाही. मागचा प्रवास थांबवणारा बारीक स्क्रू असलेला ट्रिगर तर मी बाळगायच्या पिस्तुलात घेणारच नाही. तो सरकला तर पिस्तूल बंद. धातूच्या जड शूचाही विचार करा. 2017 साली सिग सॉअर कंपनीनं पी320 पिस्तूल स्वेच्छेनं सुधारून द्यायला घेतलं, कारण विशिष्ट कोनात पडल्यावर ते उडू शकत होतं, आणि त्या सुधारणेत त्यांनी ट्रिगर मुद्दाम कमी वजनाचा बसवला. पडून आपटलं की पिस्तूल थांबतं, पण जड चाप आपल्याच वेगानं पुढे जाऊ पाहतो.

बसवल्यावर मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. भिंतीपर्यंत ओढा, भिंत ओलांडून चाप पूर्ण दाबा, धरून ठेवा, स्लाइड मागे ओढून सोडा, मग बोट हळूच सैल करून रिसेट ऐका. हे पुन्हा पुन्हा करा आणि गेजनं वजन मोजा. मग ज्या गोळ्या रोज बाळगता त्याच रेंजवर उडवून पाहा. दीडशे-दोनशे डॉलर ट्रिगरवर घालणाऱ्यांनी तेवढे आधी चांगल्या होल्स्टरवर आणि एका वर्गावर घालावेत.

कोर्टाचं मी लांबवत नाही. मसाद अयूबसारखे जाणकार वर्षानुवर्षं सांगत आलेत, की केसासारखा हलका ट्रिगर दिसला की समोरचा वकील 'स्वसंरक्षण नव्हतं, निष्काळजीपणानं सुटली' असं म्हणायला मोकळा होतो. आणि त्या मुलाला वडिलांच्या पिस्तुलाचे पाउंड तोंडपाठ कसे, ते पिस्तूल रात्री कुठे ठेवलं जातं, हा तर वेगळाच लेख होईल. टेक्सासमध्ये निष्काळजीपणानं ठेवलेलं भरलेलं पिस्तूल मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, एवढं तरी घराघरात माहीत असावं.

बोलले जरा जास्तच. त्या संध्याकाळचे सगळेच आमचे जिवाभावाचे आहेत, अडीअडचणीला धावून येणारे, आणि कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा मागते. पण म्हणणं मागे घेत नाही. ट्रिगरचं वजन मोजायचं गेज आमच्याकडे आहे. ज्यांना मोजून घ्यायचं असेल त्यांनी कोणत्याही शनिवारी रेंजवर आमच्या यांना गाठावं. घरच्या कार्यक्रमाला पिस्तूल कृपया आणू नका.