आपलाच कापूस, विकतचे कापड

वर्ध्यातल्या एका परिसंवादात परवा एका विद्वानांनी खुल्या विज्ञानाची तीन वाक्यांत वासलात लावली. फुकट मिळालेल्या ज्ञानाची कदर राहत नाही, हे पहिले. खुली नियतकालिके म्हणजे कचऱ्याचे ढीग, हे दुसरे. आणि 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही सरकारी योजना आल्यावर ग्रंथपालांनी नसती उठाठेव करू नये, हे तिसरे. टाळ्या पडल्या, मग चहा आला. तोही फुकटच होता, पण सभागृहाने त्याची कदर चांगली केली.

आधी हा 'फुकट' काय आहे ते पाहू. शोधनिबंध लिहिला जातो तो बहुतेक वेळा सरकारी अनुदानावर किंवा पगारी अध्यापकाच्या वेळावर. तो तपासतात दुसरे अध्यापक, तेही बहुधा बिनमोबदला. मग लेखक सही करून स्वामित्वहक्क प्रकाशकाला देऊन टाकतो आणि त्याच्याच कॉलेजचे ग्रंथालय वर्गणी भरून तो निबंध परत आणते. हा व्यवहार हिंगणघाटच्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. एकोणिसाव्या शतकात 'हिंगणघाट' हे नाव विलायतेच्या कापूसबाजारात चालत होते. 1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. इकडून रुईच्या गाठी गेल्या, तिकडून कापड आले. पुढे याच वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामात त्या व्यवहाराविरुद्ध चरखा फिरला. पण शेतकऱ्याला निदान कापसाचा भाव मिळत होता, पाडून का होईना. आमचा संशोधक गाठ फुकट देतो. आणि लेख सर्वांना खुला ठेवा म्हटले, तर नामांकित नियतकालिके उलट त्याच्याकडूनच लाखांत शुल्क मागतात. कदर नेमकी कोणाची चालली आहे?

हा वाद मला नवा नाही. ग्रंथालयातली कुलूपबंद कपाटे उघडायची ठरली, तेव्हाही असेच विद्वान म्हणाले होते की पुस्तके चोरीला जातील. गेली काही. कुलपात राहिलेली वाळवीने खाल्ली. त्याचा हिशेब मात्र कुणी मागितला नाही. खुलेपणाही नवा नाही: गांधीजींच्या 'हिंद स्वराज्य'ची इंग्रजी आवृत्ती 1910 साली निघाली, ती कोणतेही हक्क राखून न ठेवता. पुढे त्यांनी आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन ट्रस्टकडे सोपवले, हेही खरे. विरोधक ते सांगतीलच, म्हणून मीच सांगून टाकतो.

कचऱ्याविषयी एवढेच की तेलात भेसळ होते म्हणून कुणी घाणी बंद करत नाही.

राहिली सदस्यता. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2024 मध्ये तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले; 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके सरकारी संस्थांना मिळू लागली. सोय झाली, नाकारत नाही. पण हे दार संस्थेच्या नावाने उघडते. समुद्रपूरचा खासगी डॉक्टर, आर्वीचा कापूसवाला, निवृत्त शिक्षक बाहेरच. इजिप्तनेही प्रकाशकांना पैसेच मोजले, पण 2016 साली सुरू केलेली ज्ञानपेढी देशातल्या सामान्य नागरिकालाही खुली ठेवली. आपण पैसे मोजले आणि दारावर पहारेकरी बसवला.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. छापायला स्वीकारलेल्या निबंधाची लेखकाकडची प्रत ग्रंथालयाच्या खुल्या डिजिटल भांडारात ठेवायची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हे 2002 पासून केले. 'शोधगंगा'मुळे गोदामात कुजणारे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, कृषी प्रबंध 'कृषिकोश'वर आहेत. वर्ध्याच्याच हिंदी विद्यापीठाने 'हिंदी समय'वर साहित्य खुले केले. मग विज्ञानानेच काय घोडे मारले? प्रत्येक निबंधासोबत पानभर मराठी सारांश जोडावा आणि ग्रंथालयातला एक संगणक गावासाठी राखून ठेवावा. ग्रंथपालाची उठाठेव म्हणतात ती हीच.

त्या विद्वानांचा विदर्भातल्या कोरडवाहू शेतीवर एक निबंध आहे. घरी येऊन तो वाचायला बसलो, तर पडद्यावर डॉलरमध्ये किंमत आली. तो अजून वाचलेला नाही.